खुर्चीमागे कोण होतं

सन एकोणीसशे छत्तीस. माझं वय त्रेसष्ट. दत्ताजीचा मुलगा मधू प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात कामाला जातो. तो भर सकाळी कामाच्या वेळी माझ्या दारात उभा दिसला, तेव्हाच मी ओळखलं. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी चपला घातल्या आणि निघालो. त्याला आता सव्वा महिना झाला. मी दुसरीचं पुस्तक अर्ध्यावर टाकून शाळा सोडलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण दत्ताजीबद्दल जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही, म्हणून मीच लिहितो. चुका असतील तर असू देत.

आम्ही दोघेही पागेतल्या शिलेदारांची पोरं. घोडी कमी झाली, पागा मोडल्या, तेव्हा सरकारी पाहुण्यांच्या बंगल्यावर खाण्याच्या टेबलापाशी वाढायचं काम आम्हाला मिळालं. आमच्या वडिलांच्या हातात भाला होता, आमच्या हातात पुलावाची थाळी आली. मला ते बरेच दिवस डाचत होतं. दत्ताजीला नाही. तो इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला, हसतमुख, आमच्या रांगेचा मुख्य. तो म्हणायचा, रावजी, भाला नीट धरायचा तशी थाळीही नीट धरायची, त्यात काय मोठं.

मी तेहतीस वर्षांचा असताना वरून हुकूम आला की वाढप्यांना थोडं इंग्रजी आलं पाहिजे. मास्तर कोण, तर दत्ताजी. दुपारी भांडी पुसून झाली की मागच्या ओट्यावर शाळा भरायची. दत्ताजी रोज एक इंग्रजी बोलणं पाटीवर लिहायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि प्रत्येकानं त्याची तीन वाक्यं करायची. एके दिवशी त्यानं लिहिलं, कॅच समवन्स आय. म्हणाला, हाक न मारता, हात न हलवता, नुसत्या बघण्यानं एखाद्याचं लक्ष आपल्याकडे ओढून घ्यायचं, त्याला इंग्रज असं म्हणतात. आपल्या कामात याच्याइतकं उपयोगाचं दुसरं बोलणं नाही. साहेबलोक टेबलावर ओरडत नाहीत. ते बघतात, आणि आपण जायचं.

मग सगळ्यांनी वाक्यं केली. एकानं बाजारातल्या आंब्याचं केलं, एकानं लाल मोटारीचं. आमचा छगन म्हणाला, "माय वाइफ कॅच माय आय एव्हरी डे." दत्ताजी म्हणाला, "छगनभाई, कॅचचं कॉट कर, म्हणजे गेल्या काळात जाईल." छगन गुजरातीत म्हणाला, "गेल्या काळात क्यांथी जाय, रोज पकडे छे." म्हणजे जाईल कशी, रोजच तर पकडते. ओट्यावर हसून हसून माणसं लवंडली. माझी पाळी आली. मी म्हटलं, मी करणार नाही.

कारण सांगतो. आमच्या घरी आईची सक्त शिकवण होती की जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. नजर लागते, आणि बघणारा हावरा ठरतो. वाढणाऱ्यानं पान बघावं, तोंड बघू नये. दहा वर्षं मी तसंच वाढत होतो. आपली पायरी सोडून ज्याची-त्याची तोंडं न्याहाळत उभं राहणं मला कुळवान माणसाचं लक्षण वाटत नव्हतं. दत्ताजी म्हणाला, "अरे, नुसतं वाक्य तर कर, बघायला कोण सांगतंय?" मी म्हटलं, आज वाक्य केलं की उद्या बघावं लागेल. तो म्हणाला, "तू ना, रावजी, घोड्यावर बसून घोड्याला पाय लावायचा नाही म्हणणारा आहेस." पण त्यानं जबरदस्ती केली नाही. करायला हवी होती, असं आता वाटतं...

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. दुपारचं मोठं खाणं होतं, वीसेक पाहुणे. जेवण संपत आलं आणि एक साहेब भाषणाला उभे राहिले. भाषण चालू असताना टेबलावर चमचासुद्धा वाजवायचा नाही, असा त्यांचा रिवाज. माझ्या पुढच्या खुर्चीवर एक म्हातारी मडम होती. मी तिच्या मागे, जरा उजव्या अंगाला, मान खाली घालून गालिच्याची वेल बघत उभा. भाषण लांबलं. आणि एकदम ती मडम खुर्चीवरून कलंडली, पडताना तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त आलं. धावपळ झाली, डॉक्टर आले. उकाड्यानं तिला घेरी आली होती. चार दिवस पडून राहिली आणि मग बरी होऊन मुंबईला गेली.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी आम्हा वाढप्यांना तिच्या खोलीसमोर ओळीनं उभं केलं. मडम रागावली नव्हती. डोक्याला पट्टी, हलक्या आवाजात म्हणाली, "आय ट्राइड टु कॅच हिज आय. थ्री टाइम्स." तीन वेळा. उभ्या जन्मात मला एवढं लख्ख कळलेलं इंग्रजी वाक्य दुसरं नाही. माणूस कोणता, असं विचारलं तर तिला सांगता येईना. तिला नुसतं पागोटं दिसलं होतं, तोंड दिसलंच नव्हतं, आणि पागोटी आमची सगळ्यांची एकसारखी.

कारभाऱ्यांनी विचारलं, खुर्चीमागे कोण होतं? उलट बोलण्यावरून मला आधी एकदा ताकीद मिळालेली. आता नाव आलं असतं तर घरी बसावं लागलं असतं, आणि घरात माझ्यावर सहा तोंडं. तरी सांगतो, भीतीपेक्षा आडमुठेपणा जास्त होता. मी काही वाईट केलं नाही, मग मी का बोलू, असं मनात होतं. तेवढ्यात दत्ताजी एक पाऊल पुढे आला. "मी होतो, साहेब."

त्याला टेबलावरून काढून दिवाबत्तीच्या कोठारात टाकलं. पेन्शन होईपर्यंत तो कंदिलांच्या काचा पुसत राहिला. त्या दिवशी कारभाऱ्यांपुढून बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं तर म्हणाला, "मास्तर मी होतो. तू वाक्य केलं नाहीस ते मी चालवून घेतलं." मी उद्या कारभाऱ्यांना सांगतो म्हणालो. त्यानं नको म्हणून मान हलवली. तो उद्या उगवला नाही. पुढे त्याच्या जागी मुख्य मी झालो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचो, पाहुण्याच्या तोंडाकडे बघ. हे कुठून शिकलो, ते कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दत्ताजी दर रविवारी माझ्याकडे सोंगट्या खेळायला यायचा, हाताला घासलेटचा वास यायचा, आणि ती गोष्ट त्यानं तीस वर्षांत एकदाही काढली नाही. आमच्या घरचं कार्य असो की आजारपण, हजर. मी मात्र त्याच्या घरी फारसा बसत नसे. वहिनींसमोर मला पाणी गोड लागायचं नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर बायका आतल्या खोलीत बोलत होत्या, ते बाहेर ऐकू येत होतं. वहिनी सांगत होत्या, माणूस देवासारखा, पण लक्ष म्हणून नाही. त्यापायी एका मडमेचं डोकं फुटलं, चांगली नोकरी गेली. घरात काही सांडलं-लवंडलं की मी म्हणायची, अहो, नजर कुठं असते तुमची? तर नुसते हसायचे. बायका हसल्या. मी तिथेच बाहेर बसलो होतो. तेव्हाही उठलो नाही. सुपारी चघळली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडियाळी पोळच्या गल्लीतून चालत त्यांच्या घरी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. बसा भावोजी, म्हणाल्या. मी बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं की त्या खुर्चीमागे दत्ताजी नव्हता, मी होतो. सुपातला हात थांबला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं बोलले हो मी त्यांना." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मधूला हाक मारली, सुनेला हाक मारली, शेजारच्या नणंदेलाही बोलावून घेतलं. सगळे जमल्यावर मला म्हणाल्या, "आता यांना सांगा. बसून नाही, उभं राहून."

मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगितलं.