आईचं माप

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत टेपताईचं शिलाईचं दुकान आहे. गळ्यात कायम टेप, म्हणून हे नाव. वय बेचाळीस, आणि दहावी व्हायची जिद्द. संध्याकाळच्या शाळेत ती दोनदा निबंधात अडकली होती. या खेपेला सराव-निबंध जमला नाही तर सर परीक्षेच्या फॉर्मवर सही करणार नव्हते.

मी साठ वर्षं रोजनिशी लिहिते हे सगळ्या इमारतीला ठाऊक. म्हणून ती वही घेऊन वर आली.

"आजी, लाल पेन चालवा. दयामाया नको."

विषय होता दुःखाचा प्रसंग. 'आई गेली तेव्हा माझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. अश्रूंचे पाट वाहिले.' पानभर हेच.

"खरंच पाट वाहिले?"

"कुठले हो! समोर गिऱ्हाईक बसलेलं. पण निबंधात वाहायला लागतात ना?"

"मग त्या दिवसांत तू करत काय होतीस?"

"आजारात आई वाळत चालली होती. तिचा ब्लाऊज आत घेत होते."

"तेच लिही."

"ब्लाऊजवर? सर हाकलून देतील मला!"

चार दिवसांनी तिने नवं पान पुढे ठेवलं. सुरुवातीलाच चौतीस, बत्तीस असे आकडे. निबंधात आकडे नकोत, ही माझ्या लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली शिस्त. माझ्या पेनाने ते खोडलेसुद्धा. मग पुढे वाचलं.

'आई म्हणाली, कापड कापू नकोस, मी पुन्हा भरेन. म्हणून मी कापलं नाही. जुन्या टिपेच्या आत नवी टीप मारत गेले. तिसऱ्या वेळी माप अठ्ठावीस आलं. मी टेप सैल धरली आणि तीस आहे म्हणाले. आई हसली. शिवण इतकी जाड झाली होती की तिच्या काखेत रुतायची, पण ती बोलली नाही. ती गेल्यावर मी तिन्ही नव्या टिपा उसवल्या. ब्लाऊज पुन्हा चौतीस झाला.'

दुःख हा शब्द कुठेच नव्हता. माझ्या रोजनिशीत 'आज फार वाईट वाटलं' शेकड्यांनी सापडेल. त्यातलं एकही वाक्य असं डोळ्यांसमोर उभं राहत नाही. मी खोडलेले आकडे माझ्या हाताने पुन्हा लिहिले.

"चुकलं का हो?" तिने घाबरून विचारलं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "याला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी जिन्यात येऊन उभी राहिले. ती आली ती धापा टाकतच.

"सरांनी वर्गात वाचून दाखवलं. मधेच थांबून पाणी प्यायले. एक प्लंबर आहे आमच्यात, सदा खिदळणारा, तो उठून बाहेरच गेला."

"अगं, फॉर्मचं काय?"

"झाली सही," ती म्हणाली आणि पायरीवरच बसली. आता मात्र ती हमसून रडायला लागली.

मीही तिच्या शेजारी टेकले. तिथून मला एकटीला उठता येत नाही, हे बसल्यावर लक्षात आलं.