गच्चीवरची हत्तीची लीद

चार माणसं एका कामाला लागली की कामाच्या आधी किस्से जमतात. आमचं काम तर हत्तीची लीद धुण्याचं, तेही मुलुंडला, बिल्डिंगच्या गच्चीवर! मला झोपण्याआधी दोन ओळी लिहायची सवय होती, म्हणून यातलं थोडं टिकलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कर्नाटकाच्या सीमेवरच्या जंगलात हत्तींचा एक लहान कळप होता. तो आता जंगलात चरतच नाही, शेतांवरच जगतो, तेव्हा पकडून हलवा, असं तिथल्या वनाधिकाऱ्यांचं म्हणणं. आमचे बापट सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, हत्ती काय खातो ते लीद सांगेल, साहेबांनी कशाला सांगायचं? लीद धुवायची, चाळायची, बिया, साली, धागे वेगळे करायचे. सर, शेजारच्या सावंत वहिनी आणि मी, एवढंच पथक. लीद वाळवून पाठवायचा तिथला शेतकरी बसाप्पा. त्याचाच ऊस हत्तींनी खाल्ला होता.

*

पहिलं पोतं भाजीच्या ट्रकमधून घाटकोपरला उतरलं. रिक्षावाल्याने काय आहे विचारलं. सरांना खोटं बोलता येत नाही. त्याने पोत्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "गणपती का है ना? नीचे नहीं, सीट पे रखो."

पोतं सीटवर बसलं, शेजारी सर. मी बसने आलो.

*

सोसायटीचे सेक्रेटरी दामले. त्यांनी बोर्डावर नोटीस लावली : गच्चीवर प्राण्यांची घाण आणू नये. वहिनी तडक त्यांच्या दारात.

"तुमच्या पापडांवर कावळे येतत. आमच्या लिदीवर चिमणीपण येणा नाय. मगे घाण खंयची?"

रविवारी दामले नाकाला रुमाल लावून वर आले. वास ओल्या गवताचा. रुमाल हळूच खिशात गेला. जाताना म्हणाले, "आमच्या तुळशीला थोडी मिळेल का?"

नोटीस मात्र काढली नाही.

*

लिदीसाठी वहिनींनी वेगळी चाळण आणली होती. घरातली पिठाची चाळण तिला शिवतही नव्हती, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सावंत, त्यांचे यजमान, गिरणी बंद पडल्यापासून घरीच असत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

आणि महिनाभर भाकरी सोडून फक्त भात खाल्ला.

*

सरांच्या कॉलेजातले एक गृहस्थ मुद्दाम गच्ची बघायला आले. हसत म्हणाले, "मुलुंडात बसून हत्ती वाचवताय?"

सरांनी बादलीतून मान वर केली नाही. "ऑफिसात बसून हलवता येतात, तर गच्चीत बसून वाचवता का येऊ नयेत?"

*

पावसाळ्याआधी काम संपलं. उसाचे धागे निघाले, ते सरांनी अहवालात सगळ्यात वर लिहिले. पण त्यांच्या कितीतरी पट बांबू, साली आणि जंगली फळांच्या बिया. म्हणजे कळप जंगलातच चरत होता.

आम्ही तिघं अहवाल घेऊन बसाप्पाच्या गावच्या बैठकीला गेलो. वनाधिकारी साहेब मधोमध, समोर अख्खं गाव. हत्ती पकडा, असा अर्ज त्यांना गावाकडून हवा होता. आधी बसाप्पाला उभं केलं. तुझंच नुकसान सगळ्यात जास्त, तूच पहिली सही कर, म्हणाले.

बसाप्पा म्हणाला, "ऊस माझा गेलाय, साहेब. भरपाई द्या. रागवायचं कोणावर, ते मी ठरवीन."

साहेबांनी अहवाल न उघडताच बाजूला सारला. शेणात हात घालून सरकारी निर्णय बदलत नसतात, म्हणाले.

वहिनी उठल्या. बाहेर गेल्या आणि बसाप्पाच्या बांधावरची त्याच सकाळची लीद घेऊन आल्या. बसाप्पाने मागून पाण्याची बादली आणली. वहिनींनी लीद साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"सायब, एकदा तुम्ही धुवन बघा. चावाचा नाय ता. मगे काय ता ठरवा."

कोणी हसलं नाही. कोणी उठलंही नाही. बसाप्पा बादली धरून उभा राहिला.

साहेबांनी हातातलं घड्याळ काढलं आणि खिशात ठेवलं.