खुशालमामांचा मुका स्पीकर

माझ्या खुशालमामांच्या धंद्यात दोन प्रकारचे भोंगे होते, बोलके आणि मुके. बाळापुरात हे गुपित फक्त आमच्या घरच्यांना माहीत होतं. ते इतकी वर्षं गुपितच राहिलं याचं मला आजही नवल वाटतं, कारण केशरमामींच्या पोटात दुसरी कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नसे.

मामांची ‘खुशाल साऊंड सर्व्हिस’ होती. लग्न असो, गणपती असो की सरपंचाची निवडणूक, मामा मांडवावर चार दिशांना चार भोंगे चढवायचे. त्यांतल्या दोनच भोंग्यांत आवाजाचं यंत्र असे. उरलेले दोन म्हणजे नुसते पत्र्याचे कर्णे. त्यांनाही व्यवस्थित वायर लावलेली असे आणि तिचं दुसरं टोक मांडवाच्या बांबूमागे गाठ मारून संपवलेलं असे. मुलीच्या बापाला चार भोंग्यांचं लग्न केल्याचं समाधान मिळे आणि व्याह्यांना मोजायला चार भोंगे मिळत. मामांच्या मते यात फसवणूक कुठेच नव्हती. “मांडवाले केळीचे खांब लावता, ते काय छत धरून ठेवतेत?” असं ते विचारत. मी बी.ए. झाले तरी मला यावर उत्तर सापडलं नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र हा माणूस फार काटेकोर. मशीनजवळ उभं राहून त्यांनी कधी आवाज तपासला नाही. मशीन चालू करून ते सरळ शेवटच्या पंगतीच्या टोकाला जायचे, तिथे जेवत असलेल्या एखाद्या म्हातारीच्या मागे उभे राहायचे आणि हात वर करून मशीनवरच्या पोराला खूण करायचे. तळवा आकाशाकडे म्हणजे वाढव, जमिनीकडे म्हणजे कमी कर. त्यांचा दुसरा नियम वजनाचा. चांगल्या यंत्रात मोठं मॅग्नेट असतं, मोठं मॅग्नेट जड असतं, म्हणून जे जड ते चांगलं. कोणतीही वस्तू घेताना ते आधी ती तळहातावर घेऊन डोळे मिटायचे. मामींना बघायला गेले तेव्हाही त्यांनी पोह्यांची ताटली आधी तोलून पाहिली, असं मामी सांगतात.

मग ती वाईट वर्षं आली. कापूस हाती लागेना, लागला तर भाव मिळेना, आणि लोकांनी लग्नं आटोपती घेतली. एका मांडवात वीस-पंचवीस जोडपी उभी राहू लागली आणि तिथे शहरातला कंत्राटदार ट्रकभर काळे खोके घेऊन यायचा. मामांनी भोंगे भंगारात काढले. तोलताना मुके भोंगे बोलक्यांपेक्षा हलके भरले, तेवढंच त्यांना लागलं. त्यानंतर ते घरी टीव्हीसमोर बसून राहत आणि आवाज कमी पडला की मामींकडे न बघता तळवा वर करत.

याच सुमारास माझी प्राजक्ता अमरावतीला बी.एड. करत होती. मुलगी हुशार आणि अभ्यासू, पण आवाज असा की पाळण्यात असताना ती रडतेय की झोपलीय हे बघायला मला वाकावं लागे. सरावाच्या दोन पाठांवर तिला एकच शेरा मिळाला होता, ‘आवाज मागे पोहोचत नाही.’ आता अंतिम पाठ होता आणि बाहेरून परीक्षक येणार होत्या. तोच शेरा तिसऱ्यांदा आला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर शिक्षिका व्हायचा विचारच सोडते, असं ती मला फोनवर म्हणाली. तेसुद्धा इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं आणि दोनदा रडावं लागलं.

तिने पाचवीच्या वर्गासाठी ‘आपल्या परिसरातील पक्षी’ हा पाठ निवडला. पक्ष्यांचे खरे आवाज लॅपटॉपवरून ऐकवायचे, म्हणजे बोलायचं काम कमी, असा तिचा हिशेब. लॅपटॉप तिच्या काकांनी वापरून सोडलेला. त्याचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेला डास. तेव्हा त्याला छोटे स्पीकर घ्यायचे ठरले. पर्समध्ये मावणारे हवेत, कारण एसटीने न्यायचे. प्लग लागायला नको, कारण शाळेच्या वेळेत भारनियमन. लॅपटॉपमधूनच वीज घेऊन चालले पाहिजेत. आणि वसतिगृहाची फी भरून झाल्यावर जे उरलं होतं त्यात बसले पाहिजेत. मी शेजाऱ्यांना विचारलं, नणंदेच्या मुलाला विचारलं, भाजीवाल्याच्या पुतण्यालाही विचारलं आणि माझा गोंधळ पक्का झाला. तेवढ्यात बाळापूरहून मामींचा फोन आला.

“तुह्या मामाले घेऊन जाय माय,” त्या म्हणाल्या. “त्याईले काईतरी निवडू दे, नाईतर ते माहा मिक्सर खोलून बसतीन.”

मामा इस्त्रीचा सदरा घालून अकोल्याला माझ्याकडे आले. खिशात स्क्रू काढायचा पेचकस होता. प्राजक्ताही रविवारची आली होती. आम्ही तिघं जुन्या शहरात इमादच्या दुकानी गेलो. इमाद हा विशीबाविशीचा मुलगा. त्याचे वडील इनायतुल्ला पूर्वी तिथे रेडिओ दुरुस्त करत, आता तो मोबाइल आणि कॉम्प्युटरचं सामान विकायचा. त्याने काचेवर चार जोड मांडले. एकाला प्लग लागत होता, तो बाद. एक नावाजलेल्या कंपनीचा होता, त्याची किंमत ऐकून मी तो स्वतःच्या हाताने परत खोक्यात ठेवला. उरले दोन. दोन्ही लिंबाएवढे नसले तरी संत्र्याएवढे, दोन्ही लॅपटॉपवर चालणारे, किंमत जवळपास सारखी. एक साधा पांढरा आणि हलका. दुसरा काळा, खोक्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं, आणि जड.

मामांनी पांढरा तळहातावर घेऊन डोळे मिटले आणि लगेच उघडले. याच्यात हवा भरली आहे काय, असं त्यांनी इमादला विचारलं. मग काळ्या जोडातला उजवा घेतला, मान हलवली. डावा घेतला, त्यांचा चेहरा उजळला आणि ते माझ्याकडे वळले.

“हा डावा पाह्य कौशल्ये, उजव्याहून दमदार हाय. असा माल पाह्यले किती वर्सं झाली.”

“चाचा, वजन नका पाहू, आवाज आयका,” इमाद म्हणाला.

आवाज ऐकायला मामा दुकानाबाहेर पडले, रस्ता ओलांडून पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीमागे उभे राहिले आणि तिथून हात वर केला. दोन ऑटो थांबले. मामांनी त्यांना हाताने पुढे जायला सांगितलं, ती खूण इमादला कमी कर अशी वाटली. मग पुन्हा वर. एक स्कूटरवाला थांबून आभाळात काय आहे ते बघू लागला. शेवटी मामा परत आले आणि काळा घ्यायचा म्हणाले. हॉर्नच्या गदारोळातही तो पलीकडे पोचला होता.

पांढऱ्याचा आवाज जास्त स्वच्छ आहे, दोन्ही बाजूंनी सारखा येतो, असं प्राजक्ता तिथेच म्हणाली होती. हे तिने मला नंतर सांगितलं. दुकानात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

पाठाच्या दिवशी मी आणि मामा पहिल्या एसटीने अमरावतीला गेलो. शाळा गावाच्या टोकाला होती. पालकांना वर्गात मनाई होती, पण साहित्य लावायला एक माणूस चालत होता. मामा साहित्याचा माणूस म्हणून आत गेले आणि मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिले, पर्सचा बंद दोन्ही हातांनी पिळत.

मामांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. दोन्ही स्पीकर पुढे ठेवणं म्हणजे मागच्या पंगतीला उपाशी ठेवणं. त्यांनी डाव्या स्पीकरची वायर कापली, दातांनी सोलली, बाळापूरहून आणलेली लांब वायर जोडली आणि भिंतीच्या कडेने पार मागच्या बाकापर्यंत नेली. उजवा टेबलावर. डावा, जो जास्त दमदार, तो शेवटच्या बाकावर, परीक्षकबाईंच्या कोपराशी. वायरीचा सांधा नीट पाहायला वेळ उरला नाही, घंटा झाली.

प्राजक्ताने टिटवी लावली. पुढची मुलं हसली, एकाने लगेच नक्कल केली. मागची मुलं एकमेकांकडे बघत राहिली. परीक्षकबाईंनी शेजारच्या स्पीकरकडे पाहिलं, मग पेन उचललं. मला त्यांचं लिहिणं दिसत नव्हतं, पण शब्द ठाऊक होते.

मामांना वाटलं आपला सांधा सुटला. त्यांनी तो दाबला, पिळला, पुन्हा दाबला. मग भिंतीकडे वळून पेचकसाने स्पीकरची मागची बाजू उघडली. ते माझ्या खिडकीच्या अगदी जवळ होते, म्हणून मलाही दिसलं. आत यंत्र नव्हतं, मॅग्नेट नव्हतं. कागदात गुंडाळलेला एक लोखंडाचा गोळा डिंकाने चिकटवला होता आणि वायर आत येऊन गाठ मारून संपली होती.

मामा त्या गाठीकडे ओळखीचं माणूस भेटल्यासारखे बघत राहिले.

पण ही वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा येत नव्हती. लांबच्या पंगतीतून कोणी ओरडलं की ते मुक्या भोंग्याचं तोंड थोडं फिरवायचे आणि बोलक्याचा आवाज वाढवायचे. तसं त्यांनी झाकण बसवलं, स्पीकरचं तोंड वर्गाकडे थोडं फिरवलं, भिंतीशी ताठ उभे राहिले आणि तळवा वर केला.

प्राजक्ताने लॅपटॉपचा आवाज वाढवला. मामांनी तळवा आणखी वर केला. तो म्हणे आधीच शेवटपर्यंत वाढवून झाला होता. मामांनी आणखी वर केला, टाचाही उचलल्या. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, त्या तळव्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

“मागे ऐकू गेलं नाही,” ती म्हणाली. ते मला व्हरांड्यात ऐकू आलं. “पहिल्या ओळीने ऐकलंय. तसाच आवाज काढून दुसऱ्या ओळीला द्या. दुसरीने तिसरीला. टिटवी शेवटच्या भिंतीपर्यंत उडत गेली पाहिजे.”

मग जे झालं ते शाळेत चालतं की नाही मला माहीत नाही. टिटवी ओळीओळीने मागे निघाली. चौथ्या ओळीत तिला सर्दी झाली, सहाव्या ओळीत ती बरीचशी बकरी झाली होती, आणि शेवटच्या ओळीतल्या एका पोरीने ती परीक्षकबाईंच्या कानात सोडली. बाई दचकल्या. कोणता पक्षी, असं प्राजक्ताने मागच्यांना विचारलं आणि त्यांनी बरोबर ओळखलं. मग भारद्वाज गेला, मग होला. मध्येच वर्गाचे पंखे बंद पडले, भारनियमनाची वेळ झाली होती, कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले. तेव्हा मामांनी तळवा हळूहळू जमिनीकडे वळवला, आणि प्राजक्ता सगळ्यांना शांत करून फळ्याकडे वळली.

तास संपल्यावर परीक्षकबाईंनी तिला जवळ बोलावलं. मागे स्पीकर मांडून तो मुद्दाम बंद ठेवायचा, म्हणजे मुलं वाट बघतील आणि मग स्वतः आवाज काढतील, ही युक्ती तुमचीच का, असं त्यांनी विचारलं. माझी मुलगी खोटं बोलत नाही. खरं सांगायलाही तिला वेळ लागतो. तिने मामांकडे पाहिलं.

“मॅडम,” मामा नम्रपणे म्हणाले, “तो शोभेचा हाय.”

बाई हसल्या आणि त्यांनी पेन उचललं. या वेळी शेरा होता, ‘आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचतो.’

पुढच्या आठवड्यात मामा इमादच्या दुकानी जायला निघाले. सदरा पुन्हा इस्त्रीचा होता. भांडण होणार म्हणून मामी आणि मी सोबत गेलो. इमादने तो गोळा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. माल बंद खोक्यात येतो, मला आतलं काय माहीत, असं म्हणत त्याने उरलेले काळे जोड आमच्यासमोर उघडले. त्यांतल्या दोन जोडांत तसेच गोळे निघाले. त्याने काही न विचारता पांढरा जोड मामांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी घसा साफ केला. आता निघतंय सगळं, म्हणून मी मामींचा हात धरला.

“चाचा, माफ करा,” इमाद म्हणाला. “तुमाले फसवलं तर अब्बा मले घरात घेणार नाई. फुफ्फीच्या, माह्या आत्याच्या, लग्नात तुमीच होते ना? अब्बा आजबी सांगतेत, खुशालभाऊनं चार भोंगे लावले होते, पुऱ्या मोहल्ल्यात तसं लगन नाई झालं.”

 मामींनी साडीचा पदर तोंडाशी नेला. मामांनी पांढरा जोड न तोलताच पिशवीत टाकला.

“अब्बाले सलाम सांगजो,” ते म्हणाले आणि आमच्या आधी रस्ता ओलांडून गेले.

तो काळा मुका स्पीकर त्यांनी परत दिला नाही. बाळापूरला टीव्हीच्या डाव्या अंगाला तो ठेवला आहे, उजव्या अंगाला त्याचाच जोडीदार, बोलका. पाहुण्यांना दोन दिसले पाहिजेत म्हणे. प्राजक्ताला लवकरच एका शाळेत काम मिळालं. आता ती फोनवर मला म्हणते, आई, तू उगाच काळजी करत बसू नकोस. मी फोन कानापासून लांब धरते, तरी ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं.