धुराच्या बदल्यात झाडं

धुराशी इतकं वैयक्तिक वैर धरणारा माणूस आमच्या सरपंचांशिवाय दुसरा जन्मला असेल, असं मला वाटत नाही. वर्ध्याला कसल्याशा प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं, की गावानं आधी धूर कमी करायचा आणि उरलेला झाडांकडून गिळवून घ्यायचा. त्या दिवसापासून आंजीच्या पुढच्या आमच्या गावात बिडी ओढणंसुद्धा चोरीचं काम झालं. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी पऱ्हाटी शेतातच पेटवायची, ही इथली रीत. पण कुणी काडी ओढायच्या आत सरपंच नाकपुड्या फुगवत बांधावर हजर. "काऊन पेटवून राह्यला गा? बारीक करून खड्ड्यात टाक ना!" लग्नात जनरेटर आणला, तर नवरदेवानं मंगलाष्टकांआधी पाच झाडं लावायची. एक नवरदेव फेटा सांभाळत खड्डा खणत होता, तर मेहुण्या वरून ओरडत होत्या, "भाऊजी, खोल खना, एवढ्यानं काय होते!" तालुक्याच्या साहेबांची जीपसुद्धा त्यांनी वेशीवर अडवली. "इंजिन बंद करा जी साहेब. वर्ध्याचा धूर वर्ध्यालेच ठेवा." साहेब चालत आले, आणि आल्या आल्या सरपंचांनी त्यांच्या हाती पाण्याची बादली दिली.

मी मूळचा रोह्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. पाइपलाइनच्या कामाला ठेकेदाराबरोबर आलो. ठेकेदार पळाला, मी उरलो. सरपंचांनी मला पंचायतीची करंज-कडुलिंबाची रोपं राखायला ठेवलं. रोह्याला बायको आणि लेक त्या एका कामाकडे डोळे लावून बसल्या होत्या. पंचायतीच्या जागेत आग लावील त्याला कामावर ठेवायचं नाही, हा ठराव मीच खळ लावून भिंतीवर चिकटवला होता.

आणि आग मीच लावली. आमच्याकडे पेरणीआधी जमीन भाजतात, त्याशिवाय रोपाला जोम येत नाही. चैत्रात रोपं मलूल दिसली, म्हणून मी मायेनं भोवतालचं गवत पेटवलं. ठराव आगीबद्दल आहे, ही तर मशागत, असं मी धरून चाललो होतो! वारा फिरला आणि चाळीसेक रोपं होरपळली. सरपंच बनियनवरच धावत आले.

"कोनं लावली?"

"मी, भाऊ. आमच्याकडे भाजतात... मग रोप जोमानं येतं."

ते मटकन खालीच बसले. "धुरानं झाडं वाढवून राह्यला बे तू!"

ग्रामसभेत सगळे म्हणाले, काढा याला. सरपंच म्हणाले, "ठराव माह्याच हाय. पन झाडं मेली का नाई, ते पाहू द्या ना आधी." त्यांनी एका करंजाची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. "पानी घालजो," एवढंच मला म्हणाले.

पंधरा-वीस दिवस मी डोक्यावरून पाणी वाहिलं, जेवण गोड लागलं नाही. मग एका सकाळी बुडाशी तांबूस कोंब दिसले. एकावर, मग दहावर, मग बहुतेकांवर. मी तिथंच रडलो. सरपंचांनी चष्मा पुसून कोंब पाहिले आणि म्हणाले, "काम राह्यलं तुहं. पन धूर तुहाच हाय, दहा झाडं तुले लावाच लागन. अन् बायको-लेकीले घेऊन ये, पानी घालाले हात पाह्यजे."

त्या दोघी आल्या, त्या आजतागायत इथंच आहेत. सरपंच मात्र आता मुलाकडे पुण्याला असतात, मोठ्या रस्त्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर. कधी फोन येतो. मी करंजांच्या सावलीत जाऊन फोन वर धरतो, आणि ते पलीकडून बराच वेळ पानं ऐकत राहतात.