वाळवंटातली घंटी

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आम्ही नवरा-बायको रोज सायकलने ऑफिसला जातो, सायकलींच्या पट्ट्यातून, मुकाट्याने एकामागे एक. हीच शिस्त घेऊन सुट्टीत मोरोक्कोच्या वाळवंटात पोहोचलो. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं, तरी खड्डा चुकवताना मी मागे वळून पाहिलं आणि रीतसर हात दाखवला. त्यावर कडी म्हणजे मागून बायकोने घंटी वाजवली, तिला पुढे जायचं होतं. हसून हसून आम्हाला सायकली थांबवाव्या लागल्या. मी म्हटलं, "अगं, सगळा रस्ता आपलाच आहे, ये की शेजारी." मग कानात वारं शिरलेल्या वासरांसारखे आम्ही रस्त्याच्या मधोमध जोडीने सुसाट निघालो. इतक्या वर्षांत मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की सायकल चालवताना ही गाते.