उलट्या झाडाचे सर

सरांना हॉटेलात साधा चहा सांगता येत नसे. जव्हारच्या एसटी स्टँडसमोर बाकड्यावर बसून ते म्हणत, "एक भजी आणि एक चहा," आणि मग दोन्ही हातांनी हवेत कंस काढून, "हे सगळं दोनदा." हॉटेलवाला गल्ल्यावरून विचारी, "दोघांचं ना, सर?" "तेच म्हणालो," सर म्हणत. कंस काढला नाही तर एक भजी आणि दोन चहा येतील, अशी त्यांना मनापासून भीती होती.

दोन हजार सालाच्या आगेमागे ते आमच्या संगणक केंद्रात शिकवायला आले. केंद्र म्हणजे एका संस्थेच्या दोन खोल्या, थोडे संगणक आणि पुष्कळ लोडशेडिंग. वीज गेली की सरांचा खरा तास सुरू होई. फळ्यावर प्रोग्रॅमची एक ओळ लिहायची आणि तिचं झाड काढायचं. मूळ वर, पानं खाली. म्हणून आम्ही त्यांना उलट्या झाडाचे सर म्हणायचो. 'दाखव (५ + ३) × २' असं लिहिलं की सगळ्यात वर 'दाखव', त्याखाली गुणाकार, गुणाकाराच्या एका फांदीला दोन, दुसरीला बेरीज, आणि बेरजेला लटकलेले पाच आणि तीन. कंस कुठे गेले, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कंस म्हणजे सेंटरिंगच्या फळ्या. स्लॅब पक्का झाला की काढून टाकायच्या. झाडात फक्त कामाचं राहतं."

घरचं एकेक वाक्य आणा, असं त्यांनी एकदा सांगितलं. मी आमच्या गावाहून, साखरशेतहून, आईचं नेलं, "पेज पी, शेळी सोड, मग जा." सरांनी खडू फळ्यावरून न उचलता झाड काढलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग कुणीतरी संस्थेच्या सूचनाफलकावरचं वाक्य दिलं. फांद्यांना फांद्या फुटत फळा संपला, पण पान काही सापडेना. आम्ही हसलो तसे सर म्हणाले, "हसू नका. आणि हेही लक्षात ठेवा, झाड झालं म्हणजे ओळ नीट लिहिलीय एवढंच कळतं. ती चालेलच असं नाही."

त्यांचा जीव मात्र एका वेगळ्याच कामात गुंतला होता. मराठीतून दिलेली आज्ञा संगणकाला कळावी, असा एक प्रोग्रॅम ते लिहीत होते. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. "आधी इंग्रजी शिका, मग संगणक, असं म्हणत बसलं तर या मुलांचा नंबर कधी लागायचा?" ते म्हणत. प्रोग्रॅम ओळ वाचे, तिचं झाड करी, आणि झाड झालं नाही तर कुठे अडलं ते मराठीतच सांगे. आम्हाला ते फार आवडायचं, कारण तोवर आमच्या चुका आम्हाला न कळणाऱ्या भाषेतच कळवल्या जात.

मग मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. साहेब खूश झाले तर सर कायम होणार होते आणि त्यांचा प्रोग्रॅम सगळ्या केंद्रांत जाणार होता. नाहीतर वर्ष संपताच रामराम. संस्थेचे सेक्रेटरी आदल्या दिवशी म्हणाले, "साहेब काहीही लिहोत, पडद्यावर 'स्वागत' आलं पाहिजे."

"मग तो प्रोग्रॅम राहत नाही," सर म्हणाले, "स्वागत समिती होते."

टाइप करायला मला बसवलं होतं. साहेबांनी सांगितलं, "लिही. सदर संगणकाने प्राप्त परिस्थितीचा सर्वंकष विचार करून योग्य ती कार्यवाही करावी." मी लिहिलं. पडद्यावर आलं, "काय करायचे ते सांगितलेले नाही."

साहेब म्हणाले, "'तात्काळ' घाल." मी घातलं. संगणकाने तात्काळ तेच सांगितलं.

"व्होल्टेज कमी आहे, साहेब," सेक्रेटरी म्हणाले.

"व्होल्टेज ठीक आहे," मागून सर म्हणाले. त्यांना खरंच मदत करायची होती. "साहेब, नुसतं 'दाखव' म्हणून पाहा."

"काय दाखव?"

"तेच तो विचारतोय, साहेब."

यानंतर साहेबांनी नारळ आणि शाल घेतली, उपक्रमाचं तोंडभरून कौतुक केलं आणि जीपमध्ये बसले. आठवड्याभरात सेक्रेटरी वर्गात आले. सरांचं मोलाचं योगदान, संस्थेची मर्यादा, बदलती धोरणं, उज्ज्वल भवितव्य, असं बरंच बोलले. सर सवयीने फळ्याकडे वळले आणि झाड काढू लागले. सेंटरिंगची एकेक फळी निघत गेली आणि शेवटी एकच पान उरलं, 'जा'. सेक्रेटरींच्या बोलण्याचं एवढं नीट झाड पूर्वी कधी झालं नव्हतं. या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.

सर निघाले तो बाजाराचा दिवस होता. आईही माझ्याबरोबर स्टँडवर आली. आमच्याकडे अहो-जाहोची फारशी रीत नाही, त्यामुळे तिने खिडकीपाशी जाऊन सरळच सांगितलं, "मास्तर, कापणीला येजो. नागलीची भाकर खाऊन जाजो."

सरांनी एसटीच्या धुळकट काचेवर बोटाने तिच्या वाक्याचं झाड काढलं. छोटंसंच होतं, पण 'ये' आणि 'जा' ही दोन्ही पानं होती. ते गाडीबरोबर निघून गेलं. मी स्टँडवरच रडले.

आता मी एका कचेरीत परिपत्रकं टाइप करते. योग्य त्या कार्यवाहीची शिफारस दिवसभर माझ्याच हातून होत असते आणि माझा संगणक ती मुकाट्याने घेतो. सर पुन्हा भेटले नाहीत. त्यांची मला फार आठवण येते. दरवर्षी भात कापायला आलं की आई खळं सारवता सारवता विचारते, "मास्तर आला का?" तिच्या वाक्यात काही चूक नाही. झाड तर सरांनी स्वतः काढलं होतं. ते वाक्य चालायचं तेवढं राहिलंय.