अळणी रविवार

माझं आणि सासूबाईंचं भांडण हा आमच्या घरातला रोजचा कार्यक्रम. पेजेत पाणी किती असावं, सुके बांगडे माझ्या इस्त्रीच्या साड्यांशेजारी वाळत घालावेत की नाही, पाववाल्या पदेराकडून मऊ उंडे घ्यावेत की कडक कांकणं, आमची कशावरूनही जुंपायची. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे माझा आवाज मोठा. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शाळेत कधी शिकवलं नाही, तरी त्यांचा माझ्याहून मोठा. लग्न होऊन मी आमोण्याहून कोरगावात आले आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही एकमेकींचं पाणी जोखलं. तेव्हापासून आमचं उत्तम जमलं. भांडण झालं की दुपारी त्या माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढत. नवरा या सगळ्यात वर्तमानपत्राआड लपून असे.

मग मी भांडेनाशी झाले.

थायरॉइडची गोळी मी बरीच वर्षं घेते आहे. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, चहाच्या आधी. तिचं काही वाटेनासं झालं होतं. गेल्या वर्षी रक्त तपासलं तर थायरॉइड पुन्हा मंदावलेली दिसली, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. आता तरतरी येईल असं घरात सगळ्यांना वाटलं, मलाही. झालं भलतंच. छातीत धडधडायचं, हात कापायचे, आणि अंगात मात्र काडीची ताकद नाही. अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी. उभं राहायचं म्हणजे आधी भिंत शोधायची. जेवणावरची वासना गेली, वजन उतरलं, साड्यांच्या निऱ्या वाढल्या. बोटांच्या पेरांवर काळसर छटा आली तर आई म्हणाल्या, उन्हात छत्री घेत नाहीस म्हणून.

एका गोष्टीची वासना मात्र भलतीच वाढली होती, ती मिठाची. आमच्याकडे तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठाच्या पाण्यात घालून बरणीत ठेवतात. मी त्या बरणीतलं पाणी वाटीने प्यायचे. शाळेतल्या एका बाईंनी एकदा डब्यात नुसतं तोर पाहून मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, काही बातमी आहे का. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एरवी मी त्यांना असं काही सुनावलं असतं की त्या महिनाभर माझ्या वाटेला गेल्या नसत्या. तेव्हा मी नुसतं हसले, कारण उत्तर द्यायलाही जोर लागतो.

नवऱ्याला वाटलं, वयानुसार मी निवळले. "आतां बरी शांत जालीस," असं त्याने कौतुकाने म्हटलंसुद्धा. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. खुर्चीत बसून मी पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवत होते. फळ्यापाशी उभं राहणं जमत नव्हतं. मुलं घोळका करून माझ्या टेबलाशी येत आणि मी त्यांच्या वह्या न बघताच बरोबरची खूण करत असे. अशी मास्तरीण मुलांना कशाला हवी, असं मनात येऊ लागलं. नोकरी सोडावी का, हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण तो रोज शाळेच्या पायऱ्या माझ्याबरोबर चढत होता.

आई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, "माझ्या सुनेक पयलेसारखी बरी कर, ती आयतार अळणी करतली." म्हणजे नवस बोलल्या आई आणि बरं होईपर्यंत दर रविवारी मीठ सोडायचं मी. आमच्या भागात हे काही जगावेगळं नाही. आयतार हा सूर्याचा वार, त्या दिवशी मीठ वर्ज्य करणाऱ्या बायका घरोघरी सापडतील. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला न विचारता माझ्या नावाने नवस बोलल्यावर जो गहजब व्हायला हवा होता, त्याची त्या तयारी करून आल्या असाव्यात.

रविवार अळणी सुरू झाला आणि सोमवार मला पेलेनासा झाला. अळणी पेज, अळणी वरण, भाजीही तशीच. मला दोन घास जात नसत. सोमवारी सकाळी गोळी घेऊन उठावं तर पाय लटपटत, पोटात ढवळे. एका सोमवारी मी न्हाणीघरात बालदीशेजारीच बसले आणि मला उठता येईना. नवऱ्याने आणि आईंनी मिळून मला बाहेर आणलं. सोमवारी शाळा असते ना, म्हणून असं होत असेल, असं नवरा म्हणाला. तो वाईट मनाचा नाही. मलाही तेच वाटू लागलं होतं, की मी कामचुकार झाले आहे आणि शरीर मला बहाणे पुरवत आहे. गोळीनेच हे सगळं केलं असेल तर ती बंदच करावी, असंही त्या दिवशी ठरवलं.

ते मनात ठेवूनच मी म्हापशाला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आई हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी आधी मला आडवं झोपवून घेतलं आणि मग उभं करून घेतलं. हाताच्या रेषा आणि पेरं उजेडात धरून पाहिली. कोणत्या दिवशी जास्त त्रास होतो, हे त्यांनी विचारलं. मी शरमत सोमवार म्हणाले आणि शाळेचंही सांगून टाकलं. त्यांनी शाळेबद्दल काही विचारलं नाही. रविवारी काय जेवता, असं विचारलं. आईंनी अभिमानाने अळणीचं सांगितलं.

"तुमकां कोणें सांगलें मीठ सोडूंक?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईंनी मान खाली घातली. त्यांना मान खाली घालताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग त्यांनी आम्हा दोघींना समजेल असं सांगितलं. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल तयार करतात. ते कमी पडलं की माणूस उठता बसता गळून जातो, बीपी उतरतं, बोटांची पेरं काळवंडतात, अंगातलं मीठ टिकत नाही, आणि म्हणून शरीर मीठ मागतं. थायरॉइडची गोळी वाढवली की कॉर्टिसोल आणखी लवकर खर्च होतं, त्यामुळे मुळात ते कमी असेल तर गोळीने बरं वाटायच्या ऐवजी माणूस खचतो. तुमचं तसं असू शकतं, पक्कं आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मनाने गोळी बंद करायची नाही, ही ताकीद त्यांनी मी न विचारताच दिली. त्यांनी तिचा डोस पूर्वीसारखा केला आणि सकाळी लवकर येऊन कॉर्टिसोलसाठी रक्त द्यायला सांगितलं. उलट्या किंवा ताप आला तर घरी थांबायचं नाही, थेट इस्पितळ. आणि मीठ खायचं.

मी तिथेच रडले. आजार निघाला म्हणून कुणी आनंदाने रडतं का, पण मी रडले. मी आळशी नव्हते, बहाणे करत नव्हते. बसमध्ये परत येताना आई खिडकीशी बसल्या. पेडण्याचा बाजार आला तरी त्यांनी खिडकीबाहेरून तोंड वळवलं नाही. मला कळत होतं, त्यांना पेच पडला होता. देवाला दिलेला शब्द मोडायचा तर सुनेचं बरं व्हायचं राहील, आणि पाळायचा तर सून जाईल.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात दोन वाट्या पेज निवत होती. माझ्या वाटीत मीठ होतं, बाजूला तोर होतं. मी चव घेऊन आईंकडे पाहिलं. आयतार आज, असं मी म्हणाले.

"नवस माझो. कोणी फेडूचो ता देव नि मी बघतलंव. तू पेज जेव."

त्यांनी दुसरी वाटी तोंडाला लावली. ही बाई खाऱ्याशिवाय घास न गिळणारी. भाजीत मीठ चिमूटभर कमी पडलं तर अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलणारी. त्या ती अळणी पेज अगदी सावकाश प्यायल्या, तोंड वाकडं न करता.

रक्तात कॉर्टिसोल कमी निघालं. आणखी एक तपासणी झाली, आणि सकाळी कॉर्टिसोलची भर घालणारी छोटी गोळी सुरू झाली. हे कायमचं आहे की काही काळाचं, हे अजून बघायचं आहे. मधूनच वाईट दिवस येतो, तेव्हा मी गुपचूप पडून राहते आणि त्याला आळस म्हणत नाही. पण काही आठवड्यांनी मी फळ्यापाशी उभी राहून वार लिहिला, तारीख लिहिली, आणि खडू ठेवायला वाकून परत सरळ झाले तरी भिंत जागच्या जागी होती. मागच्या बाकावरच्या दोघी बोलत होत्या. मी त्यांना ओरडले. नोकरी सोडायचा विचार त्या दिवशी पायऱ्यांवरच राहून गेला.

आईंचे रविवार मात्र अळणीच चालले होते. ती बरी आहे, आता पुरे, असं नवऱ्याने सांगून पाहिलं. अजून नाही, एवढंच त्या म्हणत.

एका शनिवारी मी शाळेतून आले तर माझ्या नव्या साडीच्या शेजारी, वाऱ्याच्या तोंडाला, सुके बांगडे. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला, मी बांगड्यांची परडी उचलून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली, आणि त्यांनी मला आमोण्याच्या माहेरापासून आजपर्यंतचं सगळं ऐकवलं. नवरा बाहेर आला, बघितलं, आणि वर्तमानपत्र घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी स्वयंपाकघरात गेले, तर आईंनी स्वतःच्या पेजेत मिठाचे खडे टाकले आणि ढवळले. बरणीतून मोठं तोर काढून घेतलं.

"नवस?" मी विचारलं.

"जालो," त्या म्हणाल्या. "काल माझ्याकडे भांडलंस मा? म्हणजे बरी जालंस."